शेल्टरवर काम करायला यायचंय? त्याआधी थोडं

पागोळी

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. प्रश्न एकच: "प्राण्यांसाठी काहीतरी करायचंय, शेल्टरवर आलो तर चालेल का, तिथे नेमकं काय करावं लागतं?" प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं इथेच लिहिते. मी पुण्याजवळच्या एका शेल्टरवर बरीच वर्षं शनिवारी सकाळी जाते. तिथे मांजरं असतात, जखमी घारी येतात, कधी एखादं गाढव किंवा वासरूही असतं. पण बहुतेक काम रस्त्यावरच्या कुत्र्यांचं आहे, म्हणून उदाहरणं त्यांचीच येतील.

शेल्टर म्हणजे बेवारस प्राण्यांचं कायमचं घर, तिथे जाऊन त्यांना कुरवाळायचं आणि खाऊ घालायचा, अशी बऱ्याच जणांची कल्पना असते. प्रत्यक्षात आमच्याकडची बहुतेक कुत्री परत जाण्यासाठीच आलेली असतात. कुणाला नसबंदीसाठी आणलेलं असतं, कुणाचा पाय गाडीखाली मोडलेला असतो, कुणाच्या जखमेत अळ्या पडलेल्या असतात. बरं झालं की ज्या गल्लीतून उचललं त्याच गल्लीत सोडायचं. कायमची राहतात ती आंधळी, मागचे पाय गेलेली आणि फार म्हातारी. म्हणजे हे काम रुग्णालयातल्या वॉर्डाचं आहे आणि त्याला वॉर्डासारखीच शिस्त लागते.

सकाळ पिंजरे धुण्याने सुरू होते. आधी कोरडी घाण उचलायची, मग पाणी, मग जंतुनाशक, ते काही मिनिटं तसंच राहू द्यायचं आणि मग पुन्हा पाणी. त्यानंतर जेवण. मोठ्या पातेल्यात भात, चिकनच्या मुंड्या-पाय, लाल भोपळा आणि थोडी हळद. मीठ, कांदा, लसूण काही नाही. मग औषधं आणि ड्रेसिंग. आणि प्रत्येक पिंजऱ्यावर लटकलेलं कार्ड भरायचं: कुठून आणलं, वजन किती, काल खाल्लं का, शी कशी होती.

ते कार्ड नव्या माणसाला कंटाळवाणं वाटतं. मला विचाराल तर तिथलं सर्वांत महत्त्वाचं काम तेच. डॉक्टर एक, प्राणी शेकड्याने. कोपऱ्यातल्या तांबड्या कुत्रीने परवापासून वाटीला तोंड लावलेलं नाही, हे डॉक्टरांना तो माणूस सांगतो ज्याने परवाही तिची वाटी पाहिलेली असते. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, महिन्यातून एकदा दिवसभर येऊ नका, आठवड्यातून दोनच तास या, पण ठरलेल्या वारी या. कुत्रीही माणसाला वेळेवरून ओळखतात. घाबरून कोपऱ्यात बसलेलं जनावर तुमच्या हातून पहिल्यांदा खातं ते तुम्ही फार प्रेमळ आहात म्हणून नव्हे, तुम्ही पुन्हा पुन्हा त्याच वेळी आलात म्हणून.

आता लशीचं. शेल्टरवर काम सुरू करण्यापूर्वी रेबीजची लस घ्या, चावण्याची वाट बघू नका. चावण्याआधी घ्यायचे तीन डोस असतात: ० व्या दिवशी, ७ व्या दिवशी आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. पुढे कधी कुत्रं चावलं किंवा नख लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. आधी पूर्ण लस झालेली असेल तर ० आणि ३ या दिवशी दोन डोस पुरतात, जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडं (इम्युनोग्लोब्युलिन) लागत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शनही चालू ठेवा. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही, इतकं लक्षात असलं की या बाबतीत आळस होत नाही.

वर्षाचं चक्रही माहीत असू द्या. भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो, गर्भ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्लं. तेव्हाच पार्व्होची, म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ती जुलाब होणाऱ्या विषाणूजन्य आजाराची, साथ येते. संक्रांतीला मांजात पंख कापलेल्या घारी आणि घुबडं. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेली, रस्ता चुकलेली कुत्री, त्यांत पाळीवही असतात. आणि पावसाळा म्हणजे अळ्या.

अळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवे लोक इथेच मागे फिरतात. माशी ओल्या जखमेत अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या बाहेर पडतात. मानेवर, कानामागे, शेपटीच्या मुळाशी, म्हणजे जिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही तिथे. चावाचावीतली वाटाण्याएवढी जखम आठवड्यात आत मुठीएवढी पोखरली जाते. वास असह्य असतो. उपचार मात्र साधा आहे: भोवतीचे केस कापायचे, स्प्रे मारायचा, वर आलेल्या अळ्या चिमट्याने एकेक काढायच्या, जखम धुवायची, आणि हे रोज करायचं. कुत्र्याचं तोंड बँडेजपट्टीने बांधून डोकं मांडीशी धरून बसणारा माणूस लागतो, आणि ते काम स्वयंसेवकाचं. दहा-बारा दिवसांत त्या खड्ड्यात लालचुटुक मांस भरून येतं आणि कडेने नवी कातडी सरकू लागते. औषधाने इतकं स्वच्छ, डोळ्यांना दिसणारं बरं होणं मी दुसऱ्या कुठल्या आजारात पाहिलेलं नाही. मला या कामाने धरून ठेवलं ते अशा जखमांनी.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

रानजाई

फार उपयोगी लिहिलंस पागोळी. मला रक्त बघवत नाही, भोवळ येते. नोकरीमुळे फक्त रविवार मोकळा असतो. माझ्यासारखीचा काही उपयोग आहे का?

पागोळी

@रानजाई, नक्की आहे. कार्डं संगणकावर चढवायला कुणीच नसतं. फोन घ्यायला माणूस हवा असतो: "आमच्या गल्लीत कुत्रं पडलंय" असं सांगणाऱ्याकडून नेमका पत्ता, फोटो आणि ते चालतंय का हे काढून घेणं, आणि गाडी येईपर्यंत त्याला तिथेच थांबवणं. त्याने अर्ध्या फेऱ्या वाचतात.

दत्तक द्यायच्या पिल्लांचे फोटो हे तर रविवारचंच काम. जमिनीवर बसून, पिल्लाच्या डोळ्यांच्या पातळीवरून, उन्हाच्या उजेडात काढायचे. गजाआडचा फोटो पाहून कुणी फोन करत नाही. देशी पिल्लू आणि त्यातही मादी असेल तर घर मिळायला वेळ लागतो, तिथे चांगला फोटो आणि स्वभावाच्या चार खऱ्या ओळी फार मोठं काम करतात. पिल्लू गेल्यावर महिन्याने त्या घरी जाऊन यायचं असतं, त्यालाही शांत बोलणारं माणूस लागतं.

गोठ्यातला डॉक्टर

पशुवैद्य आहे, सरकारी दवाखान्यात काढलेल्या वर्षांच्या भरवशावर थोडी भर घालतो.

१. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने जिवंत राहतो आणि नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही. ब्लीच लागतं, साधारण एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आणि तेही आधी घाण पूर्ण काढल्यावर. शेल्टरवर आधी निरोगी पिल्लांकडे जा, आजारी प्राण्यांकडे सगळ्यात शेवटी. घरी लस न झालेलं पिल्लू असेल तर शेल्टरचे बूट घरात आणू नका.

२. पावसाळ्यात गमबूट आणि हातमोजे. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार जनावरांच्या लघवीतून पसरतो, हातापायावरचा बारीक चिरा त्याला पुरतो.

३. माणसांची औषधं देऊ नका. तापाची म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात घात करतं. दरवर्षी असे प्राणी येतात आणि आणणाऱ्याने ते कळवळ्यानेच दिलेलं असतं.

४. रस्त्यावरच्या कुत्र्यांत लघवीच्या जागी रक्ताळलेली, फ्लॉवरसारखी गाठ दिसते. ती संसर्गाने पसरणारी गाठ आहे आणि आठवड्याला एक अशा व्हिन्क्रिस्टीन या केमोथेरपीच्या औषधाच्या काही इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. लोक "कॅन्सर झालाय, आता काय" म्हणून सोडून देतात. सोडू नका, आणा. फक्त इंजेक्शननंतर काही दिवस त्या कुत्र्याची लघवी-शी हातमोज्यांशिवाय साफ करू नका.

आणि एक विनंती. कुत्र्या-मांजरांसाठी माणसं मिळतात, गोशाळांना हात मिळत नाहीत. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा जनावरांच्या अंगावरच्या गाठी फुटल्या की त्या धुवायला, माश्या बसू नयेत म्हणून कडुलिंबाचा धूर करायला, बसलेल्या गाईला कूस बदलून द्यायला माणसं नव्हती. शहरातल्या मोकाट गाईच्या पोटातून किलोंनी प्लास्टिक निघतं. तिथेही या.

सडा आणि समुद्र

आमच्याकडे कोकणात तालुक्याच्या गावी शेल्टरच नाही. पुण्या-मुंबईकडे सगळं आहे, आम्ही काय करायचं?

गोठ्यातला डॉक्टर

@सडा आणि समुद्र, तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथून सुरुवात करा. चारजणांचा गट करून तिथल्या डॉक्टरांना भेटा. त्यांच्याकडे औषध बहुधा असतं, जनावर पकडून धरणारं माणूस नसतं. जनावरांसाठी १९६२ हा फिरत्या पथकाचा क्रमांक आहे. साप, घार, खवले मांजर, कासव असं वन्य काही असेल तर १९२६ वर वनविभागाला कळवा, घरी ठेवून घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा होतो, पोपट पिंजऱ्यात ठेवणंसुद्धा.

नसबंदीची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे, म्हणजे तुमची नगरपंचायत. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जिल्ह्याला प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असते, तिच्या बैठकीत विषय लावून घ्या.

पागोळी

डॉक्टर म्हणाले त्याला जोडून. लसीकरणाला शेल्टर लागत नाही. मुंबईत काही संस्था वर्षानुवर्षं कुत्र्यांना जागेवरच उपचार करत फिरतात. गावातल्या कुत्र्यांची यादी करा, प्रत्येकाला खाऊ घालणारं माणूस शोधा आणि त्याच माणसाला लशीच्या दिवशी कुत्रं धरायला सांगा. ओळखीचं माणूस असलं की ना जाळं लागतं, ना पळापळ होते.

मुलुंडचा चौथा मजला

सगळं वाचलं. वाईट वाटून घेऊ नका, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. माझ्या भाच्याला सोसायटीच्या फाटकाशी कुत्रं चावलं. सहा वर्षांचं पोर, गालावर टाके पडले. अजून तो एकटा खाली उतरत नाही. तुम्ही कुत्र्यांना बरं करून परत आमच्याच गल्लीत आणून सोडता. सगळ्यांना शेल्टरमध्येच का ठेवत नाही?

पागोळी

@मुलुंडचा चौथा मजला, वाईट का वाटेल. गालावरची जखम म्हणजे रेबीजच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची, मेंदूच्या जवळ. भाच्याचं लसीकरण पूर्ण झालं असेल अशी आशा करते. त्याची भीती खरी आहे आणि ती प्राणिप्रेमींनीही खरी मानली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. चावलेल्या मुलाच्या आईला "तुम्हीच काहीतरी केलं असेल" म्हणणारे लोक कुत्र्यांचंच नुकसान करतात.

आता "सगळ्यांना ठेवा" याबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरासाठी असाच आदेश दिला होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी, लस, जंताचं औषध देऊन त्याच भागात सोडा, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका, खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्या. नंतर ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून शेल्टरमध्येच ठेवा, तिथे परत सोडू नका, असं सांगितलं. म्हणजे चावरं कुत्रं परत आणून सोडणं आजही बरोबर नाही. तसं कुणी करत असेल तर लेखी तक्रार करा.

पण सगळी कुत्री कोंडून ठेवली तर काय होतं ते मी आतून पाहते. पिंजऱ्यात मोजक्या जागेपेक्षा दोन कुत्री जास्त झाली की पहिल्या रात्री मारामारी, आणि आठवड्यात पार्व्हो किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांचा, मेंदूपर्यंत जाऊ शकणारा विषाणूजन्य आजार). मोकळी झालेली गल्ली रिकामी राहत नाही, कचरा आहे तोवर बाजूची कुत्री येतात, आणि ती लस न झालेली असतात. गोव्याने वेगळी वाट धरली. दरवर्षी घरोघरी, गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस, शाळांतून मुलांना शिक्षण, चावण्याच्या प्रत्येक घटनेचा माग. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित घोषित झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस असेल तर साखळी तुटते. कुत्री तिथेच होती, रेबीज आटोक्यात आला.

मुलुंडचा चौथा मजला

गोव्याचं माहीत नव्हतं. भाच्याचे सगळे डोस झाले. तरी एक सांगतो. आम्ही पालिकेकडे नसबंदीसाठी अर्ज देऊन थकलो, गाडी येते, दोन कुत्री नेते, बाकीची पळतात. सत्तर टक्के कोण मोजणार? गल्लीतल्या माणसाने हे का सोसायचं?

पागोळी

त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, आणि तुमचा राग योग्य ठिकाणी आहे. इतकंच सांगते की गाडीला कुत्री सापडत नाहीत याचं कारण बहुधा एकच असतं, ती कुठे झोपतात हे माहीत असलेला माणूस त्या वेळी खाली नसतो. तुमच्या इथे रोज खाऊ घालणारं कुणीतरी असेलच. त्यांच्याशी भांडण झालेलं असेल तरी एकदा बोला. पहाटेची वेळ ठरवा, गाडीच्या दिवशी त्यांनी आदल्या रात्री खायला घालायचं नाही आणि सकाळी हाक मारून कुत्री एकत्र आणायची. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला त्रिकोणी खाच असते, त्यावरून गल्लीतली मोजणी कुणालाही करता येते. ठाण्या-मुलुंडकडे असं काम करणारे लोक आहेत, व्यनि करा, जोडून देते.

जुनी मुंबई

विषय निघालाच आहे तर सांगते, मुंबईत हा वाद दोनशे वर्षांचा होत आला. १८३२ च्या उन्हाळ्यात कंपनी सरकारच्या पोलिसांनी रस्त्यावरची कुत्री मारायची मोहीम चालवली. दर कुत्र्यामागे बक्षीस होतं, त्यामुळे घरात शिरूनही कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी होत्या. पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू आणि जैनही सामील झाले, फोर्टमधले व्यवहार ठप्प झाले, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. कुत्र्यांवरून झालेली ती मुंबईतली दंगल. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. मारू नका म्हणायचं तर ठेवायची जागाही आपणच करायची, हे त्या लोकांनी पैसे घालून दाखवलं. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्याच शतकातलं. आजही तिथे दारात बैल, बकरी, कबूतर आणि कुत्रं घेऊन आलेली माणसं एकाच रांगेत बसलेली दिसतात.

पागोळी

@जुनी मुंबई, हे इतकं तपशिलात माहीत नव्हतं. शक्य असेल तर यावर वेगळा धागा काढाच.

हडसनकाठची

न्यू जर्सीत राहते, इथल्या काउंटीच्या शेल्टरवर मांजरांच्या विभागात काम करते. इथे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, त्यामुळे सोडायला जागाच नसते: एक तर घर मिळायचं, नाही तर शेल्टर भरलं की काही ठिकाणी प्राणी इंजेक्शन देऊन कायमचे झोपवले जातात. म्हणून इथे सगळा भर तात्पुरत्या घरांवर. तुमच्याकडे ती पद्धत आहे का? बाळमांजरांना तर शेल्टरपेक्षा कुणाचंही न्हाणीघर बरं.

मी वाढवते त्यावरून दोन गोष्टी. पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही, ते दगावतं. गाईचं दूध नको, मांजराच्या पिल्लांची पावडर मिळते. पालथं ठेवून पाजायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, नाही तर दूध फुप्फुसात जातं. आणि प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने मागून पुसायचं, त्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत रात्रीही दर दोन-तीन तासांनी उठावं लागतं. पण महिन्याभरात ते खांद्यावर चढतं.

पागोळी

@हडसनकाठची, पद्धत आहे, घरं कमी पडतात. कार्तिकात पिल्लांचा पूर येतो तेव्हा पंधरा दिवस एक बाल्कनी देणारं कुटुंब आम्हाला देणगीपेक्षा जास्त हवं असतं. शेल्टरवर पार्व्हो असतो, घरी नसतो, पिल्लू वाचण्याचं एवढंच कारण पुरतं.

श्रावणसरी२

मी मागच्या पावसाळ्यात चार महिने जात होते. एक काळं पिल्लू होतं, डिस्टेंपर झालेलं. जबडा सारखा थरथरायचा. मी रोज सिरिंजने भरवायचे. ते गेलं आणि मी जाणंच बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. हा धागा वाचून पुन्हा जावंसं वाटतंय, पण परत तसं झालं तर?

पागोळी

@श्रावणसरी२, होईल. डिस्टेंपर मेंदूत गेला की औषध नाही, फार थोडी पिल्लं त्यातून उठतात. आमच्याकडे जुने लोक एक करतात, ज्या दिवशी प्राणी जातो त्या दिवशी त्याचं कार्ड जो भरत होता त्यालाच ते बंद करायला देतात. तारीख, कारण, सही. मला सुरुवातीला ते निर्दय वाटायचं. आता वाटतं की त्या पिल्लाची नोंद कुणीतरी नीट पूर्ण केली पाहिजे, आणि ज्याने भरवलं त्याच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा नाही. तू सिरिंजने भरवलंस म्हणजे ते शेवटचे दिवस उपाशी राहिलं नाही. डिस्टेंपरच्या पिल्लासाठी याहून जास्त डॉक्टरही करू शकत नाहीत.

परत ये. वाटल्यास काही महिने पिल्लांचा विभाग नको म्हणून सांग. म्हाताऱ्या कुत्र्यांना फिरवायला माणूस हवंच असतं, आणि ते काम फार छान आहे.

श्रावणसरी२

म्हाताऱ्यांकडे चालेल. फोन करते त्यांना.

आईचा_डबा

मुलगी नववीत आहे, मागे लागली आहे. नेऊ का?

पागोळी

@आईचा_डबा, आधी फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी १८ च्या आत एकटं येऊ देत नाहीत, पालक सोबत लागतात, आणि ते योग्यच आहे. लस तिलाही आणि तुम्हालाही. आजारी विभाग आणि पकडण्याचं काम तिला देऊ नका. बुजलेल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्याबाहेर बसून मोठ्याने वाचणं हे काम या वयाच्या मुलींना फार जमतं: नजर पुस्तकात असते, आवाज सारखा असतो, कुत्रं हळूहळू पुढे सरकतं. इतिहासाचा धडाही चालतो, परीक्षेचंही होईल.

रानजाई

शेल्टरवर बोलणं झालं, या रविवारपासून फोनवर बसते. येताना काही आणू का?

पागोळी

वर्तमानपत्रांची रद्दी आणि जुन्या सुती चादरी. टेरिकॉट नको, पाणी शोषत नाही. गाद्या, उशा, स्पंज आणू नका, कुत्री फाडून गिळतात आणि मग ऑपरेशन करावं लागतं. बिस्किटंही नकोत. पाणी प्यायला स्टीलची बाटली आण, तिथलं पिंप उन्हात असतं. आणि लशीचा पहिला डोस रविवारच्या आधी घे.